सामूहिक ध्यान घ्यायला शिकायचंय? चार वाटा शेजारी शेजारी ठेवून

स्वतः ध्यानाला बसणं आणि पंधरा-वीस जणांना बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्वतः बसताना डोळे मिटले की बाकीचं हळूहळू मागे पडतं. घेणाऱ्याला मात्र घड्याळाकडे लक्ष ठेवायचं असतं, कोपऱ्यातल्या माणसाचा श्वास एकदम भरभर झालाय का ते पाहायचं असतं, पुढचं वाक्य मनाशी तयार ठेवायचं असतं, आणि हे सगळं करताना आवाजात घाई डोकावू द्यायची नसते. वर्षानुवर्षं नेमाने बसणारी माणसंही पहिल्यांदा घ्यायला लागली की अडखळतात. त्यांच्या साधनेत खोट नसते. हे काम त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

ज्यांची स्वतःची बैठक बऱ्यापैकी जमली आहे आणि ज्यांना आता कुणीतरी "तुम्हीच घ्या ना एकदा" म्हणालं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. रोजचं बसणंच अजून लागलं नसेल, तर चारांतली कुठलीही वाट तूर्त बाजूला ठेवावी आणि आधी बसावं. प्रशिक्षण देणाऱ्या सगळ्याच जागा हे स्पष्ट सांगतात असं नाही, म्हणून इथे सांगितलं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना त्याचा हिशेब धरता येईल. कुठलीही वाट निवडताना मी एकच प्रश्न सगळ्यात वर ठेवेन: मी ध्यान घेत असताना कुणी जाणकार समोर बसून ऐकणार आहे का, आणि नंतर मोकळेपणाने बोलणार आहे का? पद्धत, प्रमाणपत्र, संस्थेचं नाव हे सगळं या प्रश्नानंतर.

वाटा कोणत्या

पहिली परंपरेची. एखाद्या गुरुपरंपरेत आधी साधक व्हायचं, मग सेवा करायची, मग मदतनीस म्हणून काम करायचं आणि परवानगी मिळाली तर शिकवायचं. पुढे यातली दोन उदाहरणं पुन्हा पुन्हा येतील: सत्यनारायण गोयंका यांची विपश्यना, जिची शिबिरं त्यांनी भारतात १९६९ साली सुरू केली, आणि स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी मांडलेली बिहार योग विद्यालयाची योगनिद्रा. दोन्ही मुद्दाम घेतली आहेत, कारण 'ध्यान घेणं' म्हणजे नेमकं काय, याची दोन्हीकडची कल्पना अगदी उलटी आहे.

दुसरी वाट एमबीएसआरसारख्या (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, म्हणजे ताण कमी करण्यासाठीचा माइंडफुलनेसवर आधारलेला कार्यक्रम) आखीव अभ्यासक्रमाची. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे बरं-वाईट न ठरवता लक्ष देणं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत हा आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग, घरी रोजचा सराव, आणि शेवटाकडे एक पूर्ण दिवस मौनात. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीस्डेल यांनी बांधलेला एमबीसीटी (माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी) हा त्याचाच पुढचा भाऊ. इथे शिक्षक व्हायचं तर आधी विद्यार्थी म्हणून आठ आठवडे बसावं लागतं. मग मौन शिबिरं, मग प्रशिक्षण, मग देखरेखीखाली शिकवणं. पूर्ण वाट चालायची तर एका वर्षात क्वचितच संपते.

तिसरी वाट म्हणजे छोटे ऑनलाइन कोर्स. काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतचे. व्हिडिओ पाहायचे, तयार संहिता घ्यायच्या, शेवटी प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं.

चौथीला कुणी वाट म्हणत नाही, पण ती आहे: पाच-सहा जणांनी ठरवून आठवड्यातून एकदा भेटायचं, आळीपाळीने एकेकाने घ्यायचं, बाकीच्यांनी बसायचं आणि नंतर सांगायचं.

तोंड कधी उघडायला मिळतं, आणि ऐकतं कोण

परंपरेत उशिरा. आणि उशिराही नेमकं काय करायला मिळतं ते आधी पाहून घ्यावं. गोयंकांच्या दहा दिवसांच्या शिबिरात साधनेच्या सूचना येतात त्या त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात. ते २०१३ साली गेले, तरी आजही शिबिर तसंच चालतं. सहायक आचार्य समोर बसतात, ध्वनिफिती वेळेवर लागतील हे पाहतात, साधकांच्या शंकांना उत्तरं देतात, शिबिर सांभाळतात. स्वतःच्या शब्दांत ध्यान घेणं हा त्या भूमिकेचा भागच नाही. यामागचा विचार असा, की शिकवण जगभर सारखी राहावी आणि शिकवणाऱ्याच्या आवडीनिवडी तिच्यात मिसळू नयेत. हे पटत असेल तर तिथे जरूर जावं. पण 'मला बोलून मार्गदर्शन करायला शिकायचंय' या इच्छेने गेलात तर चुकीच्या दारात उभे राहाल. तिथून मिळतं ते वेगळंच: दीर्घ मौन कसं सांभाळलं जातं, याचा अंगात मुरलेला अनुभव. तोही घेणाऱ्याच्या कामाचा आहे, पण त्यावर पुढे.

योगनिद्रेत उलट. तिथे सगळा भार बोलणाऱ्यावर. माणसं शवासनात पडलेली असतात आणि त्यांना जागं ठेवणारा धागा म्हणजे फक्त तुमचा आवाज. त्यामुळे योगशिक्षक प्रशिक्षणात योगनिद्रा असेल, तर सहविद्यार्थ्यांवर ती घेऊन बघायची संधी बऱ्याचदा लवकर येते.

एमबीएसआरच्या धर्तीच्या चांगल्या प्रशिक्षणात सुरुवातीपासूनच छोट्या गटांत घ्यायला लावतात. एकाने दहा मिनिटं घ्यायचं, बाकीच्यांनी खरंखुरं बसायचं, प्रशिक्षकाने पाहायचं, मग अभिप्राय. इथे एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. ब्रिटनमधल्या बँगर, एक्सेटर आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या लोकांनी मिळून माइंडफुलनेस शिक्षक पारखण्याचे निकष तयार केले. त्यात सहा क्षेत्रं आहेत: सत्राची आखणी आणि गती, लोकांशी नातं जोडण्याची रीत, जे सांगतो ते वागण्याबोलण्यात दिसणं, ध्यानाचं प्रत्यक्ष मार्गदर्शन, संवादातून विषय पोहोचवणं, आणि गट सांभाळणं. म्हणजे आपण ज्याला 'ध्यान घेणं' समजतो ते सहांतलं एक. आवाज गोड आणि शब्द जुळवलेले असले तरी उरलेल्या पाचांत माणूस कच्चा असू शकतो. बहुतेक छोटे कोर्स या एकाच खणात मावतात, हा त्यांच्यावरचा माझा मुख्य आक्षेप.

छोट्या ऑनलाइन कोर्समध्ये तुम्ही ऐकता. तुम्हाला कुणी ऐकत नाही. अपवाद आहेत. काही ठिकाणी थेट वर्ग असतात, जोड्या करून सराव होतो, तुम्ही मुद्रित केलेलं एक ध्यान कुणीतरी ऐकून उत्तर लिहितं. पण कोर्सच्या माहितीत हे ठळक लिहिलेलं नसेल, तर ते नाही असं समजून चालावं.

आपापसातल्या सरावात पहिल्याच दिवशी बोलावं लागतं. ही त्या वाटेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पंचाईत अशी, की ऐकणारेही तुमच्याइतकेच नवे, वर मित्रमैत्रिणी. "छान वाटलं, एकदम शांत झालो" याच्या पलीकडे गाडी जात नाही. त्यावर तोडगा म्हणजे 'छान' या शब्दाला त्या वेळेपुरती बंदी घालायची आणि तीनच प्रश्नांची उत्तरं मागायची: माझा आवाज तुम्हाला कुठे आडवा आला? कुठली सूचना नीट कळली नाही? कुठे अजून थांबायला हवं होतं? जोडीला स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकावं. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, पण कुठे पाल्हाळ लागला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं.

शब्द कुठून आणायचे

वरवर पाहता सगळ्याच पद्धतींत 'शरीराकडे लक्ष न्या' असं काहीतरी असतं, त्यामुळे नवख्याला वाटतं की एक शिकलं की दुसरं आपोआप जमेल. तसं होत नाही. योगनिद्रेतली शरीरभ्रमणाची चाल आणि एमबीएसआरच्या बॉडी स्कॅनची चाल एकमेकांना लावून पाहा.

योगनिद्रेचा क्रम ठरलेला आहे. आधी स्थिर होणं, मग संकल्प, मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू होऊन शरीरभर फिरणारी जाणीव, मग श्वास, मग जड-हलकं, थंड-उष्ण अशा परस्परविरोधी संवेदना, मग कल्पनाचित्रं, पुन्हा संकल्प, आणि सावकाश बाहेर येणं. शरीरभ्रमणात अवयवांची नावं एकामागून एक, सारख्या लयीत येतात. अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तिसरं बोट. कुठेही रेंगाळायचं नाही, कारण मन तिथे विचार करायला बसलं की धागा तुटतो.

बॉडी स्कॅन डाव्या पायाच्या बोटांपासून निघतो आणि मूळ कार्यक्रमात तो जवळपास पाऊण तास चालतो. तिथे रेंगाळणं हाच मुद्दा. बोटांमध्ये काय जाणवतंय, की काहीच जाणवत नाहीये? काहीच न जाणवणं हेही जाणवणंच आहे, असं तिथे सांगितलं जातं. योगनिद्रेच्या वेगाने बॉडी स्कॅन घेतला तर लोकांना नुसती अवयवांची यादी ऐकल्यासारखं वाटतं. बॉडी स्कॅनच्या वेगाने योगनिद्रा घेतली तर अर्धी खोली घोरायला लागते.

आणखी एक फरक शब्दांच्या जातीचा. "तुमचा उजवा हात जड होतोय, शरीर अगदी सैल पडलंय" ही सूचनेची भाषा आहे. योहानेस शुल्ट्स यांनी जर्मनीत १९३२ साली मांडलेलं ऑटोजेनिक ट्रेनिंग याच तत्त्वावर उभं आहे, फक्त तिथे माणूस ते वाक्य स्वतःशी म्हणतो: माझा हात जड आहे. ती एक स्वतंत्र, प्रामाणिक पद्धत आहे. पण माइंडफुलनेसच्या नावाखाली हीच भाषा वापरली की गोंधळ होतो. "आता तुम्हाला खूप शांत वाटतंय" हे वाक्य ऐकणाऱ्यांत ज्याला शांत वाटत नाहीये, त्याला लगेच कळतं की आपलं काहीतरी चुकतंय. तिथून पुढची दहा मिनिटं तो शांत वाटून घेण्याच्या खटपटीत घालवतो. चांगलं प्रशिक्षण हे वाक्य तुमच्या तोंडून दुसऱ्या सरावातच काढून टाकतं. छोट्या कोर्सच्या तयार संहितांत मात्र ते हमखास सापडतं, आणि त्याच्या मागोमाग सोनेरी प्रकाश, धबधबा, ढगांची गादी.

संहिता वाचावी की उत्स्फूर्त बोलावं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझा कौल असा: एक साधी संहिता घ्या, पाठ करा, काही वेळा तशीच घ्या आणि मग कागद घरी ठेवून या. कागदावर नजर असेल तर खोलीतलं काही दिसत नाही, आणि वाचणाऱ्याचा आवाज वाचतोय हे ऐकणाऱ्याला कळतंच. पण पहिल्या दिवसापासून उत्स्फूर्त बोलायला गेलात तर 'मग', 'आता', 'आणि आता' यांची माळ लागते. एमबीएसआरच्या शिक्षकांना एक शिस्त लावतात ती सगळ्याच वाटांवरच्यांनी उचलावी: सूचना देण्याआधी ती स्वतः करा. तळपायाचा जमिनीला झालेला स्पर्श आधी तुम्हाला जाणवू दे, मग त्याबद्दल बोला. वाक्यं आपोआप आखूड होतात.

ज्यांचं शिक्षण इंग्रजीत होतं आणि गट मराठी आहे, त्यांनी संहिता भाषांतरित करत बसू नये. आपण घरी ज्या मराठीत बोलतो तिच्यात ती नव्याने सांगून पाहावी. सोपं काम नाही, पण ते कुठल्याच कोर्सच्या वेळापत्रकात नसतं, तेव्हा वेळ धरून ठेवावा.

थांबणं

प्रौढ माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते १८ श्वास घेतो. म्हणजे "तीन श्वास नुसते पाहा" म्हटल्यावर दहा ते पंधरा सेकंद गप्प बसलं पाहिजे. नवा माणूस चार सेकंदांत पुढचं वाक्य टाकतो, कारण समोर माणसं गप्प असताना आपण गप्प राहणं म्हणजे काम न करणं, असं त्याला वाटतं. ही खोड व्हिडिओ पाहून जात नाही.

परंपरेत वाढलेल्यांना थांबणं शिकवावं लागत नाही. दहा दिवसांच्या शिबिरांत ज्यांनी तासन्‌तास मौनात काढले आहेत, त्यांना वीस सेकंदांची शांतता भीतीदायक वाटत नाही. एमबीएसआरवाले अभिप्रायातून शिकतात. आपापसातल्या गटात तिसरा प्रश्न, 'कुठे थांबायला हवं होतं', हेच काम करतो. ऑनलाइन कोर्स इथे मागे पडतात, कारण त्यातल्या नमुन्याच्या ध्वनिफितींत मागे बहुधा संगीत असतं आणि ते प्रत्येक विराम भरून टाकतं. शिकणाऱ्याला वाटतं की शांतता म्हणजे बासरी.

एक छोटी युक्ती: सेकंद मोजू नका, स्वतःचे श्वास मोजा. मात्र तुमची धाकधूक वाढली असेल तर तुमचे श्वासही भरभर होतील, तेव्हा एक-दोन जास्तच धरा.

कुणाचं बिनसलं तर

निवड करताना लोक या मुद्द्याला सगळ्यात कमी वजन देतात. मी सगळ्यात जास्त देईन.

ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी सुखाचं असतं, ही समजूत चुकीची आहे. ब्राऊन विद्यापीठातल्या जॅरेड लिंडल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ साली बौद्ध परंपरांतल्या पाश्चात्त्य साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ध्यानातल्या अवघड किंवा अनपेक्षित अनुभवांचे ५९ प्रकार सात गटांत मांडले आहेत: भीती उसळणं, झोप उडणं, जुन्या आठवणींचा लोंढा, शरीरातले झटके, स्वतःविषयीची जाणीवच बदलणं. हे किती जणांना होतं, ते सांगायचा त्या अभ्यासाचा हेतू नव्हता. पण असं होऊ शकतं आणि शिक्षकांनाही ते माहीत असतं, हे त्यातून पुरेसं स्पष्ट झालं. पुढच्याच वर्षी डेव्हिड ट्रेलेव्हन यांनी मानसिक आघात झालेल्या माणसांबरोबर माइंडफुलनेस कसं वापरावं, यावर लिहिलं. तेव्हापासून चांगल्या प्रशिक्षणांत हा विषय आवर्जून येतो.

वाटा लावून पाहिल्या तर चित्र असं दिसतं. मोठ्या मौन शिबिरांत प्रवेशअर्जातच मानसिक आजाराची विचारणा होते आणि शिबिरभर जबाबदार माणूस हजर असतो. परंपरेकडे अशा अनुभवांसाठी स्वतःची भाषाही असते: साचलेलं वर येतंय, येऊ दे. बऱ्याचदा ती धीर देते. पण काही वेळा माणसाला थांबवून डॉक्टरांकडे पाठवणंच योग्य असतं, आणि तिथे ही भाषा आड येऊ शकते. एमबीएसआर आणि विशेषतः एमबीसीटीमध्ये वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाशी बोलणं, आत्ता तीव्र नैराश्य, नुकतंच झालेलं दुःख, व्यसन, मनोविकार असं काही आहे का ते समजून घेणं, हा रिवाज आहे. आजारी लोकांच्या गटासाठी एमबीसीटी घेणाऱ्याला मानसोपचाराचीही तयारी असावी, अशी अपेक्षा असते. छोट्या कोर्समध्ये बहुधा एक ओळ असते: 'हे वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही'. ती ओळ कोर्स चालवणाऱ्याला वाचवते, तुमच्या समोर रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते सांगत नाही. आपापसातल्या गटात लोक एकमेकांना ओळखतात हा मोठा आधार. पण ओळखीमुळेच कुणी "मला जमत नाहीये" म्हणायला संकोचतं.

कुठल्याही वाटेने गेलात तरी एवढं आधी शिकून घ्या. सुरुवातीलाच सांगा की डोळे उघडे ठेवले तरी चालतील, उठून बाहेर गेलं तरी चालेल, आणि श्वासाकडे लक्ष दिल्याने घुसमटल्यासारखं होत असेल तर तळपाय, हात किंवा बाहेरचे आवाज यांकडे लक्ष द्या. घेताना अधूनमधून खोलीवर नजर फिरवा. नुसते अश्रू म्हणजे संकट नव्हे, रडू येऊ शकतं. पण श्वास अतिशय वेगाने चाललाय, अंग ताठ झालंय, थरथर थांबत नाहीये, किंवा डोळे उघडे असून माणूस कुठेच पाहत नाहीये, तर त्याचं नाव न घेता सगळ्यांनाच सूचना द्या: डोळे उघडा, खोलीतल्या तीन वस्तू पाहा, पाय जमिनीवर दाबा, खांदे हलवा. गटाला काही खटकत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला दोर मिळतो. संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारा. तिथे सल्ला देऊ नका, त्याच्या आयुष्यात काय घडलंय ते उकरू नका. पुढे कुणाकडे पाठवायचं त्या व्यक्तीचा किंवा ठिकाणाचा क्रमांक आधीच जवळ असू दे. आणि जोरजोराने श्वास घ्यायला लावणाऱ्या क्रिया 'मार्गदर्शित ध्याना'त मिसळू नका. फिट येणाऱ्या, हृदयविकार असलेल्या किंवा गरोदर व्यक्तींना त्या धोक्याच्या ठरू शकतात, आणि त्यांचं प्रशिक्षण हा पूर्ण वेगळा विषय आहे.

नंतरची चर्चा

बहुतेकांना वाटतं की घंटा वाजली की काम संपलं. एमबीएसआरमध्ये खरं काम तिथे सुरू होतं, आणि त्याला तिथे इन्क्वायरी म्हणतात. काय जाणवलं, त्याबरोबर मनात काय आलं, एरवीच्या जगण्यात हे कुठे भेटतं, या तीन पायऱ्यांनी प्रश्न विचारत जायचं आणि उत्तर सुचवायचं नाही. हे अवघड आहे, कारण कुणी "मला झोप लागली" म्हणालं की आपल्या जिभेवर लगेच उपाय येतो. ही एक गोष्ट शिकायची असेल तर चारांत दुसऱ्या वाटेला तोड नाही.

विपश्यनेत शंका सहायक आचार्यांकडे, बहुतेक वेळा एकेकट्याने. गटात अनुभवांची देवाणघेवाण होत नाही, आणि तसं ठरवूनच आहे. योगनिद्रेनंतर लोक इतके सुस्तावलेले असतात की फार बोलणं होत नाही, आणि व्हावं असंही नाही.

पडद्यावर की खोलीत

ऑनलाइन गट घ्यायचा असेल तर ऑनलाइनच शिकणं वाईट नाही. पण एक अडचण बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते: व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर मंद, लांबत जाणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून कापतं, आणि तुमची घंटा पलीकडे एक 'टक्' होऊन पोहोचते. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की बरंचसं सुटतं. चेहरे दिसत नसतील तर वर सांगितलेली नजर फिरवणं जमत नाही, म्हणून निदान सुरुवातीला आणि शेवटी कॅमेरा चालू ठेवायला सांगावं.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात: ध्यान घेण्यासाठी जगभर चालेल असा एकच परवाना अस्तित्वात नाही. रुग्णालयात, शाळेत किंवा कंपनीत काम करायचं असेल तर तिथले लोक काय मागतात ते त्यांनाच विचारा. मित्रमंडळींचा गट घ्यायचा असेल तर कागदाचा विचारही करू नका.

मग कुणी कुठे जावं

मानसोपचार, समुपदेशन किंवा वैद्यकीय क्षेत्रात असाल आणि त्रासात असलेल्या लोकांबरोबर काम करायचं असेल, तर दुसरी वाट. वेळ जास्त लागतो तो लागू द्या. इथे घाई दुसऱ्यांना महागात पडते.

आधीच योग शिकवत असाल आणि वर्गाच्या शेवटी पंधरा-वीस मिनिटं काहीतरी घ्यायचं असेल, तर योगनिद्रा एका परंपरेत नीट शिकून घ्या. तिचा ठरलेला क्रम नवशिक्याला सांभाळून घेतो, आणि आसनांनंतर पडलेल्या माणसांसाठी ती सहज आहे. फक्त 'अवघड अनुभव' हा भाग वेगळा शिका.

एखाद्या परंपरेवर तुमची खोल निष्ठा असेल, तर तिच्यातच थांबा, आणि तिथे शिकवण्याचा अर्थ जो असेल तो मान्य करा. परंपरेचं ध्यान स्वतःच्या शब्दांत बाहेर घ्यायचं, असा मधला मार्ग काढाल तर दोन्हीकडून तक्रार येईल, आणि ती रास्त असेल.

कार्यालयातल्या सहकाऱ्यांना दुपारची दहा मिनिटं द्यायची आहेत एवढंच असेल, तर पूर्ण एमबीएसआर प्रशिक्षण गरजेपेक्षा जास्त आहे. एक छोटा कोर्स आणि आपापसातला गट, हे दोन्ही एकत्र. कोर्समधून मांडणी मिळते, गटातून कान मिळतात. फक्त कोर्स केलात तर तुम्हाला कुणी ऐकलेलं नसेल. फक्त गट केलात तर सगळ्यांच्या सवयी एकसारख्या चुकीच्या होऊ शकतात. गटाने दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या अनुभवी शिक्षकाला बोलावून सगळ्यांचं ऐकायला लावलं, तर हा धोका बराच कमी होतो, आणि माझ्या मते खर्च-वेळेच्या हिशेबात ही जोडणी बहुतेकांना सगळ्यात जास्त देते.

पैसे भरण्याआधी संस्थेला लेखी विचारा: पूर्ण प्रशिक्षणात मी एकूण किती वेळा इतरांवर ध्यान घेईन? त्यातल्या किती वेळा शिक्षक हजर असतील? अभिप्राय तोंडी मिळेल की लिहून? ध्यानात कुणाला त्रास झाला तर काय करायचं, यावर किती तास आहेत? शिकून झाल्यावर अडचण आली तर कुणाला विचारायचं? उत्तरं आकड्यांत आली तर पुढे बोला. 'आमचं प्रशिक्षण सर्वांगीण आहे' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

पहिला खरा गट मात्र कुठल्याही वाटेवर लहान घ्या. सहा-आठ जण, पंधरा मिनिटं, खुर्च्या तुम्हाला सगळे चेहरे दिसतील अशा मांडलेल्या, किती वेळ बसणार ते आधी सांगितलेलं, आणि एखादा जुना साधक मागच्या रांगेत बसवलेला, ज्याला तुम्ही संपल्यावर ते तीन प्रश्न विचारणार आहात.